क्षितिजचं कार्ट्रिज खरं होतं

मी, प्रभावती सुरेंद्र हिंगमिरे, वय वर्षे ६८, निवृत्त इन्स्पेक्टर, मूळ गाव बार्शी, सध्या राहणार कासारवाडी, स्टेशनजवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मन स्थिर आहे. शरीराबद्दल तसं लिहिता येत नाही. पोटात गाठ आहे आणि डॉक्टर आता वर्षांची भाषा सोडून महिन्यांवर आले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी भुलवलेलं नाही, आणि चहा सोडला तर मला कसलं व्यसन नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी माझ्या नावाचं जुनं काही दाखवलं तर ते खोटं समजावं. खोटं ओळखण्याबद्दल माझा शब्द किती धरायचा, ते पुढे वाचून ठरवावं.

हा खटाटोप घरादारासाठी नाही. मुलगा एकुलता एक, ते त्याला असंही मिळालंच असतं. कारण एकच आहे. माझा मुलगा क्षितिज याला मी सात माणसांसमोर फसवा ठरवलं. तो फसवा नाही. चूक माझी होती, आणि ती त्या सातही जणांना कळली पाहिजे. बाकीची कलमं या एका गोष्टीच्या सोबतीला आली आहेत.

कलम १. घर. कासारवाडीची माझ्या नावावरची सदनिका मी माझी सून सलोनी आणि मुलगा क्षितिज या दोघांना मिळून देते. सलोनीचं नाव आधी लिहावं. लग्न ठरलं तेव्हा मी हिला नाकं मुरडली होती, बालवाडीत शिकवणारी मुलगी संसार काय करणार म्हणून. साडेतीन वर्षं मुलाने माझा उंबरा ओलांडला नाही, पण ही दर शनिवारी डबा घेऊन तीन जिने चढते. मी विचारते, "कसा आहे?" ती म्हणते, "जेवतात, झोपतात, कामाला जातात. बोलत नाहीत फार." मग आम्ही दोघी भाजी निवडत बसतो. अशा सुनेला मी नावं ठेवली, याची मला लाज वाटते.

सोसायटीचे चेअरमन कोंडाजी यांना या घरातून काहीही देणं नाही. लिफ्ट बसवतो म्हणून बारा वर्षं सांगताहेत. मला खाली नेताना खांदा द्यायला त्यांनी स्वतः यावं, म्हणजे जिना किती आहे ते कळेल.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझं औषधपाणी आणि अंत्यविधी व्हावा, उरेल ते सलोनीचं. तेराव्याला जेवणावळ घालू नये. जिवंतपणी ज्यांनी भेटायला यायचा कंटाळा केला त्यांना पंगतीत बसवायची मला हौस नाही.

कलम ३. माझ्या नणंद कुसुमताई. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला दिलेलं तांब्याचं घंगाळं त्या "चार दिवसांकरता" घेऊन गेल्या. साल १९८४. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. ते घंगाळं मी त्यांना कायमचं देते, म्हणजे निदान त्यांच्या जिवाची टोचणी जाईल, असली तर.

कलम ४. हत्यारं. भिंगाचा दिवा, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा छोटा पेचकस, चिमटे आणि निपर, म्हणजे तारा कापायची पक्कड. निपर सोडून सगळं क्षितिजचं. निपर कोणालाही देऊ नये, भंगारात घालावा. कारण पुढे येईल.

आता ही हत्यारं एका बाईच्या घरी कशाला, ते सांगायला हवं. भोसरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी एकतीस वर्षं सर्किट बोर्ड तपासले. भिंगाच्या दिव्याखाली बोर्ड धरायचा, प्रत्येक जॉइंट बघायचा, सोल्डर कोरडा आहे का, शेजारच्याला चिकटलाय का. हाताखाली मुली आल्या, लग्नं होऊन गेल्या, मी त्याच स्टुलावर. चांगला बोर्ड हिरव्या ट्रेमध्ये, वाईट लाल डब्यात. लाल डब्यात टाकायच्या आधी निपरने कापायचा, हा नियम. न कापता टाकला की पुढच्या शिफ्टला कोणीतरी शहाणा तोच उचलून परत लाइनवर सरकवतो. मी कधी न कापता टाकला नाही. सुपरवायझर म्हणायचा, "हिंगमिरे बाई पास म्हणाल्या की देव पण पास म्हणणार." ते माझ्या डोक्यात गेलं. फार वर आणि फार दिवस राहिलं.

कलम ५. संग्रह. हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची २१२ कार्ट्रिज (यंत्रात खोचायच्या, खेळ भरलेल्या चपट्या डब्या), बिस्किटांच्या अकरा पत्र्याच्या डब्यांत, लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन खणांत आहेत. सगळी क्षितिजची. मी एकही खेळ धड खेळलेला नाही. मला त्यातला तो उड्या मारणारा माणूस कुठे चाललाय तेच कळत नाही.

आमचे हे, म्हणजे सुरेंद्र (जिवंतपणी नाव कधी घेतलं नाही, कागदावर घ्यावं लागतं), २०१६ साली अटॅकने गेले. मी रिटायर झालेली, घर खायला उठायचं. क्षितिजचं दिघीला मोबाइल आणि गेम दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वापरलेली जुनी कार्ट्रिज जमवायचा नाद. एका रविवारी तो मूठभर कार्ट्रिज माझ्यासमोर ओतून म्हणाला, "आई, यातली निम्मी डुप्लिकेट आहेत. तुझा दिवा काढ." मी काढला. त्या दिवशी दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. त्यानंतर सहा वर्षं आमचे रविवार असेच गेले. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडून, परदेशातून परतलेल्यांच्या माळ्यांवरून, ऑनलाइन कुठून कुठून तो माल आणायचा आणि मी उघडायची. नवरा गेल्यावर मला पुन्हा माणसांत आणलं ते या मुलाने, हे इथे नोंदवून ठेवते.

ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी माझं शिक्षणही मी मागे ठेवते. लेबल आधी बघू नका, सगळे लेबलच बघतात, म्हणून चोर तेच नीट करतात. स्क्रू बघा. असलीला तीन पाकळ्यांचा, नकलीला बहुतेक वेळा साधा अधिकच्या खुणेचा. मग लेबल उजेडात तिरकं धरा. असलीच्या लेबलावर दोन आकड्यांचा ठसा दाबलेला असतो, शाई नसते, नखाला लागतो. मग उघडा. असली बोर्डाच्या दातांना सोन्याचा मुलामा असतो, अक्षरं बारीक आणि सरळ असतात. नकली बोर्ड पातळ, कडा ओबडधोबड, आणि चिपच्या जागी बऱ्याचदा डांबराचा थेंब सांडल्यासारखा काळा ठिपका. शेवटी खेळ सुरू करून साठवा, बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी बघा आहे का. नकलीला बहुतेक वेळा आठवण टिकत नाही. एवढं सगळं मला येत होतं, आणि तरीही जे झालं ते झालं.

कलम ६. मास्टर पीस. कपाटाच्या लॉकरमध्ये, माझ्या मंगळसूत्राच्या डबीशेजारी, मखमली कापडात एक कार्ट्रिज आहे. ते मोजून २१३वं, पण मी ते कधी संग्रहात धरलं नाही.

२००२ साली ह्यांना कंपनीने सहा आठवडे जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. आमच्या घरातलं पहिलं विमान. क्षितिज दहा वर्षांचा. येताना ह्यांनी त्याच्यासाठी हातातला गेम आणि हे कार्ट्रिज आणलं. "फ्रँकफर्टहून," म्हणाले. पोरगं झोपेत पण ते हातातून सोडेना. पुढे हेच जास्त खेळायला लागले, सेकंड शिफ्टच्या बसमध्ये. अजूनही खेळ सुरू केला की पहिल्या ओळीत ह्यांनी घातलेलं नाव येतं, सुरेन. त्यांना तसं घरात कोणी म्हणत नव्हतं, स्वतःच ठेवलं असावं. दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी मी ते लावते, नाव बघते, बंद करते.

कंपनीत प्रत्येक मालाचा एक मास्टर पीस असतो. काचेच्या कपाटात, कुलपात. शंका आली की तो काढायचा आणि हातातला पीस त्याच्याशी ताडून बघायचा. मास्टर पीस तपासायचा नसतो, त्याच्याशी तपासायचं असतं. त्याला उघडायचं नाही, बोट लावायचं नाही. हे एकतीस वर्षं अंगात मुरलेलं. ह्यांनी जर्मनीहून आणलेलं कार्ट्रिज माझ्यासाठी तसं झालं. त्याचा स्क्रू मी कधीही सोडवला नाही. त्यावर तो दाबलेला ठसा नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आता या बाईने काय निष्कर्ष काढावा? तर या खेळाच्या सुरुवातीच्या मालावर ठसा नसतोच, असा. सगळ्या जगाच्या मालावर असतो, माझ्या नवऱ्याने आणलेल्यावर नाही, म्हणून नियमच बदलला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तिला लाइनवरून उठवलं असतं.

कलम ७. घटना. ऑगस्ट २०२२, रविवार, सांगवीला वरदच्या घरी. वरद हा क्षितिजचा मित्र, आयटीत आहे, त्याच्याकडे महिन्यातून एकदा जुने गेम जमवणाऱ्यांची बैठक व्हायची. त्या दिवशी आम्हा दोघांखेरीज सात जण होते. मला खास खुर्ची असायची. "काकू बघतील," की विषय संपला. डुप्लिकेट निघालं की ते मी तिथेच निपरने कापायचं, हा नियम मीच तिथे लावला होता, आणि सगळ्यांना त्याची मजा वाटायची.

क्षितिजने वरदला एक कार्ट्रिज विकलं होतं. ह्यांच्यावालाच खेळ. वरद म्हणाला, "काकू, तुमचा शिक्का पडू दे." मी तिरकं धरलं. ठसा होता. प्लॅस्टिक माझ्या मास्टरपेक्षा एक छटा गडद. मी उघडलं. बोर्ड उत्तम, दातांना सोनं. मी म्हटलं, चांगला बोर्ड दुसऱ्या खेळातून काढून घातलाय, ठसा नंतर मारलाय, डुप्लिकेटवाले आता हुशार झालेत. ताडून बघायला सोबत नेलेला मास्टर पर्समधून काढला, दोन्ही शेजारी ठेवले, आणि म्हणाले, "हे बघा, जर्मनीचं. आणि हे बघा."

 क्षितिजकडे सगळे बघायला लागले. तो पुढे आला. त्याने माझ्या हातातून मास्टर घेतला, एकदा उलटा करून बघितला, मखमलीत गुंडाळला आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवला. म्हणाला, "आई, तू म्हणतेस तर असेल."

मला वाटलं चोर सापडला. माझ्या तोंडातून जे निघालं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते ऐकणारे सात जण हयात आहेत. मी म्हटलं, "सुरेंद्र हिंगमिऱ्यांचा मुलगा असून डुप्लिकेट विकतोस? बापाने हे शिकवलं तुला?" आणि निपरने कार्ट्रिज कापलं. बोर्डाचे दोन तुकडे झाले. क्षितिजने वरदचे पैसे तिथेच परत केले आणि चप्पल घालून निघून गेला.

कलम ८. परिणाम. मृत्युपत्रात परिणाम लिहीत नाहीत, पण मी लिहिते. आठ दिवसांत ही गोष्ट त्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर पुणे-मुंबईपर्यंत गेली. "सख्ख्या आईने पकडला." लोक त्याच्याकडून घेईनात, मग दुरुस्तीलाही देईनात, न जाणो आतलं असली काढून घेईल. सहा महिन्यांत दिघीचं दुकान बंद झालं. आता तो चाकणच्या एका गोडाऊनमध्ये कंत्राटावर खोकी स्कॅन करतो. ज्या मुलाच्या हातात बारीक कामाची अशी कला होती त्याला मी दिवसभर पीं पीं करायला बसवलं. मी फोन केला नाही. मी आई, मी कशाला आधी करू. त्याने माफी मागायला हवी, असं मी साडेतीन वर्षं शेजारच्या तनुजाला ऐकवलं.

कलम ९. चूक कशी कळली. या जानेवारीत गणराज भंगारवाला, जो कुदळवाडीतून मोशीकडे गेला, माझ्यासाठी एक खोकं घेऊन आला. जिन्यातूनच ओरडत आला, "मावशी, सील फोडलेलं नाही बघा." त्यात तोच खेळ, कारखान्यातून निघाला तसा, वरचं प्लॅस्टिकही न फाटलेला, खोक्यात सोबत परदेशी दुकानाची पावती. मी माझ्या हाताने फोडलं. ठसा होता. प्लॅस्टिक गडद होतं. क्षितिजच्या कार्ट्रिजसारखं, तंतोतंत.

गणराजला चहा दिला, पाठवला, दाराला कडी लावली. मास्टर काढला. स्क्रू तीन पाकळ्यांचा होता, तेवढं बरं जमवलं होतं चोरांनी. सोडवला. वरचं झाकण उचललं आणि काळा ठिपका दिसला. डांबराचा थेंब. मी तसंच झाकण लावून स्क्रू पिळला. पुढचं बघायची हिंमत झाली नाही.

मग बसून आठवलं. जर्मनीहून परतायच्या दिवशी विमान सकाळी मुंबईला उतरलं आणि हे घरी आले अंधार पडल्यावर. "गाडी मिळाली नाही," म्हणाले. जर्मनीत तसली वस्तू घ्यायला यांचा हात धजला नसणार. वाचवलेला भत्ता या घराच्या पहिल्या हप्त्यात गेला, ते मला माहीत होतं. पोराने जर्मनीहून काय आणलं म्हणून विचारलं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पिंपरी कॅम्पातल्या कुठल्यातरी दुकानातून घेतलं असणार. एवढंच. माझा त्यांच्यावर राग नाही. थोडा आहे. मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना?

तर सूचना अशी. माझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी वरदने त्या सातही जणांना बोलवावं, आणि तनुजाने हे मृत्युपत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावं. क्षितिजचं कार्ट्रिज खरं होतं. ते मी कापलं. माझं खोटं होतं. ग्रुपवरही तसं लिहावं. वाचन संपल्यावर कोणी "जाऊ द्या, म्हातारी बाई होती" असं म्हणू नये.

(येथपर्यंत रविवार दिनांक ८ मार्च रोजी लिहिलं. पुढचं बुधवारी लिहीत आहे. मधले दोन दिवस पेन धरवलं नाही.)

कलम १०. बँकेत नोकरी करणारी तनुजा नियमाला पक्की आहे. तिने या कागदातली वस्तूंची यादी बघून सांगितलं, "काकू, त्या लॉकरमधल्याचे पण फोटो काढा, आतून बाहेरून, दोन्ही बाजूंनी. नंतर वाद नको." म्हणून सोमवारी मी ते परत उघडलं, आणि या वेळी बोर्ड बाहेर काढून उलटा केला.

मागच्या बाजूला बॅटरी आहे. या कार्ट्रिजमध्ये साठवलेला खेळ त्या बॅटरीवर जिवंत असतो. बॅटरी मेली की तो गेला. ही बॅटरी मूळची नाही. कोणीतरी बदललेली आहे, आणि वर मार्करने तारीख घातली आहे, १४-३-१९. बदललेल्या भागावर तारीख घालायची, हे क्षितिजला मी शिकवलं. जॉइंट दिव्याखाली धरला. सोल्डर डावीकडून ओढलेला. आमच्या घरात डावखुरा एकच. माझ्या हाताखाली शंभर मुली शिकल्या, पण इतका स्वच्छ जॉइंट एकीचाही नव्हता. बाजूला दोन बारीक ठिपके राहिलेत, तात्पुरत्या तारा लावल्याचे. म्हणजे जुनी काढताना त्याने दुसरी बॅटरी बाहेरून जोडून ठेवली होती, म्हणजे क्षणभरही वीज तुटू नये, म्हणजे सुरेन हे नाव पुसू नये.

मार्च २०१९ मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लॉकरच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. त्याच्या आधीच्या श्राद्धाला नाव एकदा आलं, एकदा आलं नाही, मी त्याच्याजवळ रडले होते. पुढच्या वर्षी व्यवस्थित आलं. मी म्हटलं होतं, "बघितलंस, जर्मनीचा माल." तो म्हणाला होता, "हो ना."

त्याने उघडलं तेव्हा काळा ठिपका त्याला दिसला नसेल, असं होणार नाही. त्याला शिकवलंच मी. म्हणजे वरदच्या घरात मी दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कोणतं खोटं आहे ते त्या खोलीत एकट्या क्षितिजला माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. "आई, बाबांचंच डुप्लिकेट आहे." सात माणसांसमोर माझा नवरा खोटा पडला असता, माझा मास्टर खोटा पडला असता, मी खोटी पडले असते. त्याने मखमलीत गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाला, तू म्हणतेस तर असेल. आणि मी त्याला बापाचं नाव घेऊन बोलले.

हे त्याने सलोनीलाही सांगितलेलं नाही. मी शनिवारपर्यंत थांबले नाही, काल फोन करून तिला विचारलं.  ती म्हणाली, "आई, मी इतकी वर्षं समजत होते की यांनी खरंच डुप्लिकेट विकलं."

बायकोनेही तेच मानलं. देवा रे.

कलम ११. कलम ९ मधली तेराव्यानंतर वाचण्याची सूचना मी रद्द करते. मेल्यावर वाचायला सांगणं म्हणजे मला समोर बसावं लागू नये म्हणून काढलेली पळवाट होती. इन्स्पेक्शन अर्धवट टाकून झाकण लावायचं, तसंच ते.

तनुजा म्हणाली, "काकू, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. आधी वाचून कायद्याने काही होत नाही."

"कायद्याने मेल्यावर होऊ दे," मी म्हटलं. "वाचायचं मी जिवंत असताना."

वरदला फोन केला. तो म्हणाला, "काकू, सोडा ना आता, किती वर्षं झाली." मी म्हटलं, "तुझी झाली. त्याची चालू आहेत." मग तो सगळ्यांना येत्या रविवारी बोलावतो म्हणाला. कापलेल्या कार्ट्रिजच्या बदल्यात गणराजने आणलेलं कार्ट्रिज वरदला द्यावं, त्याने परत घेतलेले पैसे क्षितिजला द्यावेत, म्हणजे दोघांचा व्यवहार तिथे पूर्ण होईल. लॉकरमधलं कार्ट्रिज क्षितिजचं. त्याबद्दल मी काही सूचना करत नाही, त्याची किंमत माझ्यापेक्षा त्याला आधी कळली.

पण सात जण रविवारी. त्याआधी ज्याचं आहे त्याला. इथवर काल लिहिलं; आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, तो घरी असतो. आमच्या खालचे रिक्षावाले मालोजी, या गावचेच, यांना विचारलं, साक्षीची सही करायची आहे, दिघीला क्षितिजच्या घरापर्यंत येणार का. म्हणाले, "येतो की मावशी. सही करायला दिघीला कशापायी पन?" मी सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, "आमी हाय बरोबर. जिना मी चढवतो तुमाला, घाबरायचं न्हाई." तनुजाने हाफ डे टाकला.

दुसऱ्या मजल्यावर आलो आहोत. मी पायरीवर बसून हे शेवटचं लिहीत आहे, कागद तनुजाच्या पर्सवर ठेवून. पोटात दुखतंय, अक्षर हललं आहे, पण ते माझंच आहे. बेल दोनदा वाजवली. सलोनी बालवाडीत आहे. आतून कोणीतरी दारापर्यंत आलं आणि पलीकडेच थांबलं आहे. मालोजी हळूच म्हणाले, "हाय तो आत. पायाची सावली दिसतीया." मला माहीत आहे. दाराच्या भोकातून त्याला मी दिसत असणार, आणि माझ्या हातातले कागद. परत काहीतरी कापायला आली, असं त्याला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे, स्वतः वाचला आहे, आणि तो खरा आहे. आता दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेते. त्याने दार उघडलं तर आत बसून वाचीन. नाही उघडलं तर इथेच, शेवटपर्यंत.

सही: प्रभावती सुरेंद्र हिंगमिरे

साक्षीदार १: मालोजी, रिक्षाचालक, राहणार कासारवाडी. मावशींनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: तनुजा, बँक कर्मचारी, राहणार कासारवाडी, शेजारी. माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी करीन.

दिनांक: १२ मार्च २०२६, गुरुवार

ठिकाण: दिघी, क्षितिजच्या दाराबाहेर